सापळ्याचा घसा

आमच्या घरात सापळा विणायला कुणी कुणाला शिकवत नसे. उसवायला देत. पावसाळा सरला, नदीचं पाणी निवळलं, की ओढ्यात लावलेले मासे धरायचे बांबूचे सापळे घरी यायचे. सगळा पावसाळा पाण्यात राहून काळे पडलेले, शेवाळलेले, कुठंकुठं खेकड्यांनी कुरतडलेले. त्यातला एखादा, पुढच्या वर्षी टिकणार नाही असा, घरातल्या सात-आठ वर्षांच्या पोरापुढं टाकायचा आणि म्हणायचं, उसव. पोर शेपटाकडून, म्हणजे मागच्या टोकाकडून, सुरुवात करायचं. एक काडी ओढली की दुसरी कुठली सैल होते, कुठली अडते, गाठ कुठल्या अंगानं सुटते हे त्याच्या बोटांना कळत जायचं. सगळा सुटला की त्याच काड्यांचा परत बांधायचा. नाही जमला तर परत उसवायचा. तोंडानं कुणी काही सांगायचं नाही. वाडीवाडीला या सापळ्याचं नाव वेगळं आहे, म्हणून मी इथं सरळ सापळाच म्हणते.

त्यात सगळ्यात अवघड त्याचा घसा. घसा म्हणजे तोंडातून आत जाणारी काड्यांची नळी, बाहेर रुंद आणि आत निमुळती. मासा पाण्याच्या ओढीनं सरळ आत जातो. परत फिरला की काड्यांची टोकं त्याच्या तोंडावर येतात. घसा सैल राहिला तर मासा निघून जातो, फार आवळला तर आतच येत नाही. सापळे वाडीत बरेच जण करत, पण घसा माझ्या आतेकडून करून नेत. आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, ठकूबाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती आमच्याकडेच राहायची.

आमची कातकऱ्यांची वाडी संगमेश्वरच्या वरच्या अंगाला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. कारवीच्या कुडाची घरं, वर पेंढा आणि त्यावर मिळेल तो प्लास्टिकचा कागद. दिवाळी झाली की आई-बाबा माझ्या भावाला घेऊन कोळशाच्या भट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. शाळेत जायच्या आधी तोवर घरात मी आणि आते. सकाळी जाग यायची ती चिवा फोडायच्या आवाजानं. चिवा म्हणजे बारीक, घट्ट बांबू. टोकाला कोयत्याचा एक घाव घालायचा आणि मग कोयता नुसता पुढं रेटायचा. चिवा तडतडत शेवटपर्यंत फाटत जातो. बांधायला केवणीच्या सालीची दोरी, ती भिजत घातलेली असायची, तिचा आंबूस वास घरभर. शेतातले छोटे खेकडे, मुठे, पाट्यावर ठेचून त्यांचं पाणी पिळून घ्यायचं आणि मिरची-आमसूल घालून उकळायचं. ते सार आणि नाचणीची भाकरी हे आमचं चांगलं जेवण. आते जेवतानासुद्धा मांडीवरचं काम खाली ठेवायची नाही. भाताचं शीत काड्यांना चिकटलं तर ते उचलून खायची आणि पुढं विणायची. घरात आम्ही आमची बोली बोलायचो. तिचं बोलणं मी इथं संगमेश्वराकडच्या मराठीत लिहितेय, ते तिला चांगलं येत होतं.

मला लहानपणीच आश्रमशाळेत घातलं. सापळे उसवायचे दिवस यायचे तेव्हा मी शाळेत असायचे. आते माझ्या वाटणीचा एक सापळा आढ्याला टांगून ठेवायची. दिवाळीच्या सुट्टीत मी आले की तो खाली काढायची आणि म्हणायची, “घे गो, तुजा हाय.” मी म्हणायचे, अभ्यास आहे. अभ्यास खरंच असायचा आणि नसला तर झोप असायची. सुरुवातीला ती तो परत टांगायची. पुढं आढ्याला काही दिसेना. चुलीत घातला असावा. मी विचारलं नाही.

दहावीनंतर रत्नागिरीला आले, अकरावी सायन्सला, मुलींच्या वसतिगृहात. आमचं आडनाव पवार. पवार कुठलेही असू शकतात, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. कातकरी म्हटलं की लोक उंदीर खाण्याबद्दल विचारतात आणि उत्तर यायच्या आधीच हसतात, हे मी आश्रमशाळेच्या गावात पाहिलं होतं. वसतिगृहात मी मासा काटे बाजूला काढून खायला शिकले. घरी आम्ही काट्यांसकट चावून खायचो. सुट्टीहून आले की आल्या आल्या सगळे कपडे धुवायला काढायचे, चुलीच्या धुराचा वास राहू नये म्हणून. आज मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. एखादी बाई वाडीतून येते, तिच्या लुगड्याला तोच वास असतो, आणि तिचं नाव विचारायच्या आधी माझा हात खिडकीकडं जातो. मग दिवसभर चिडचिड होते. हे लिहायचं नव्हतं, पण आलंच आहे तर राहू दे.

वसुधाताई आमच्या घरात कशा आल्या ते सांगते. त्यांचा नवरा रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. त्या स्वतः मुंबईला कलेचं शिक्षण घेतलेल्या, केस बारीक कापलेले, नखांत कायम प्लास्टर. आते संगमेश्वरला हायवेच्या कडेला टोपल्या विकायला बसायची, तिथं त्यांनी तिच्याजवळचा सापळा पाहिला. टोपली घ्यायला उतरल्या होत्या, त्या सापळ्याच्या तोंडात हात घालून बसल्या. हात आत गेला, बाहेर काढताना टोकं लागली. आते हसली आणि म्हणाली, “मासा तुमच्यापेक्षा शाना, तो हात घालीत नाय.” तिथून त्यांचं वाडीत येणं सुरू झालं. जमिनीवर बसायच्या, सार प्यायच्या, ठसका लागला तरी प्यायच्या. त्यांना एक भला मोठा सापळा हवा होता, हॉलच्या छताला टांगलेला, माणसांनी घशातून आत शिरावं एवढा. बांधायचा आतेनं. आणि त्यांचं प्रदर्शन बघायला येणाऱ्या मुलींना ही विणकामाची विद्या आतेनं शिकवावी, म्हणजे ती तिच्याबरोबर संपणार नाही, असं त्यांच्या मनात होतं.

आते तयार झाली, पण एका अटीवर. “माजी पोर हाताखाली पायजे. घसा पयला तिला देनार, मंग बाकीच्यांना.” ताईंनी मला वसतिगृहात शोधून काढलं. आमच्या रेक्टर बाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. मी ताईंकडं एवढंच मागितलं की मुलींना सांगू नका. त्या म्हणाल्या, “त्यात लाजण्यासारखं काय आहे?” ज्यांना लाजायची वेळ आलेली नसते त्यांना हा प्रश्न सहज विचारता येतो. पण त्यांनी शब्द पाळला. दर रविवारी मी ‘ताईंना मदत’ म्हणून मिरजोळ्याला त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचे. आते त्या शेडमध्येच राहायची, त्या प्रचंड सांगाड्याच्या आत बसून विणायची. मी चहा करायचे, काड्या भिजवायचे, कचरा भरायचे. ती मधूनच माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, एखादा जुना सापळा आणायला हवा होता, तुला उसवायला. मी म्हणायचे, इथं कुठं मिळणार. आणि मला बरं वाटायचं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आमच्या वसतिगृहाच्या मुली शेजारच्या हॉलमध्ये आल्या. संध्याकाळी उद्घाटन, त्याआधी आतेनं मुलींना शिकवायचं असं ठरलं होतं. सापळा छताला टांगलेला होता, कप्पीच्या दोरानं. खालून बघितला की डोळे फिरायचे. मुली नुसत्या बघत राहिल्या. माझ्या खोलीतली नंदा म्हणाली की एवढ्यात आमच्या हातखंब्याचं अख्खं हॉटेल मावेल, गिऱ्हाइकासकट. तिच्या वडिलांचं हायवेला हॉटेल होतं आणि तिला प्रत्येक गोष्ट त्या हॉटेलाच्या मापानं मोजायची सवय होती. ताई पाहुण्यांना आणायला रेल्वे स्टेशनवर निघाल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आतेंना सांग, मी येईपर्यंत मुलींना शिकवायला घेऊ देत, घशापर्यंत आलं तर फारच छान.

मी आतेला जाऊन तसंच सांगितलं. तिनं विचारलं, “आत्ताच?”

“हो, आत्ताच.”

तिनं मान वर करून सापळ्याकडं पाहिलं. “ताईला चालंल?”

“त्यांनीच सांगितलंय,” मी म्हटलं. एवढ्यात रेक्टर बाईंनी मला हाक मारली, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून पोह्यांचं पातेलं आणायला पाठवलं, आणि मी सुटल्यासारखी निघाले.

पोहे अजून व्हायचे होते. तास-दीड तासानं परत आले तेव्हा हॉलमधून हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. सापळा खाली होता. वॉचमनला सांगून आतेनं दोर सोडवला होता. मुली त्याच्या भोवती गोल बसल्या होत्या आणि काड्या ओढत होत्या. शेपूट सगळं सुटलं होतं, अर्ध्याच्या वर पोट सुटलं होतं, घसा वेगळा काढून नंदा उसवत होती, काड्यांचे ढीग लागले होते, आणि आते मधे उकिडवी बसून एकीच्या हातावर चापट मारत होती, अशी नको, खालच्या अंगानं ओढ. नंदानं मला पाहिलं. “पोहे ठेव आणि ये, सुमन. करायला दोन महिने लागले म्हणे, मोडायला आम्हाला सकाळ पुरते.”

मी पातेलं ठेवलं आणि ओरडले. आमच्या बोलीत ओरडले. रत्नागिरीत मी ती बोली एकदाही तोंडातून काढली नव्हती. मराठीत सांगायचं तर असं, की तुला अक्कल आहे का, हे बघायला ठेवलेलं होतं, एवढ्या लोकांत माझी लाज घालवलीस. हॉल मोठा, आवाज घुमला. मुलींचे हात थांबले.

आते रागावली नाही. मुलींनाही कळावं म्हणून तिनं उत्तर मराठीत दिलं. “शिकव म्हनलीस ना? उसवल्याशिवाय कशी शिकतील?”

“अगो, तुला यांची भाषा येते?” नंदानं विचारलं.

“येते म्हंजे? तिचीच हाय. माज्या भावाची पोर ती.”

मी हसण्याची वाट बघत उभी राहिले. काहीजणी एकमेकींकडं बघत होत्या, एकीनं ओढणी तोंडाला लावली. पण नंदा हसली नाही. सरकून तिनं आपल्या शेजारी जागा केली. “मग तिथं काय उभी? तुला सगळं येत असेल. ये, दाखव आम्हाला.”

इतके दिवस मी ज्याची लाज धरून होते ते तिनं असं बाजूला सारलं, आणि त्याच्या खालून दुसरी लाज वर आली. ती पहिलीपेक्षा वाईट होती. मला काही येत नव्हतं.

तेवढ्यात ताई आल्या. बरोबर मुंबईचे एक पाहुणे, वयस्कर, खादीच्या झब्ब्यातले. ताई दारातच थांबल्या. त्यांनी खांद्यावरची पिशवी हळूच खाली ठेवली. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. काय झालं ते त्यांनी आतेकडून ऐकून घेतलं, मग मला व्हरांड्यात नेऊन विचारलं, “तुमच्यात असं शिकवतात हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग सकाळी का बोलली नाहीस?”

खरं उत्तर साधं होतं. मला आठवलंच नव्हतं. त्यांनी ‘शिकवणं’ म्हटलं आणि माझ्या डोळ्यांपुढं फळा आला, खडू आला, बाकावरच्या मुली आल्या. माझ्या घरात शिकवणं कसं असतं ते माझ्या मनात आलंसुद्धा नाही. आते रविवारी-रविवारी जुन्या सापळ्याबद्दल बोलत होती तरी नाही.

आतेला ताईंनी समजावून सांगितलं की तो सापळा लोकांनी बघण्यासाठी होता. आतेला ते नीटसं पटलं नाही. पाण्यात न घालता नुसता बघायचा, असं तिनं परत विचारून घेतलं. मग ताईंचा चेहरा तिच्या लक्षात आला असावा. कमरेचा पदर घट्ट खोचून ती म्हणाली, “सांजच्या आत होतोय परत. बसा गो पोरींनो. जशी सोडलीत तशी बांदा.” पाहुणे खुर्ची ओढून बसले आणि पोहे खाऊ लागले. मला वाटतं त्यांना सगळं ठरलेलंच वाटत होतं.

मुलींनी बांधायला घेतला. ज्या बोटांनी सोडवला होता त्यांना बरंच आठवत होतं. चुकलं तिथं आते हात धरायची. घशाच्या काड्या तिनं वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्या तिनं माझ्यापुढं आणून टाकल्या. “घसा सुमीचा.” मी बसले. काड्या उभ्या धरल्या, दोरीचा पहिला वेढा घातला, तो सुटला. परत घातला, काड्या एका अंगाला कलल्या. आवळायला गेले तर काडी मोडली आणि तिची फाक माझ्या तळहातात शिरली. आते नवी काडी पुढं करायची आणि गप्प राहायची. आमच्यात सांगत नाहीत. मी तिच्याकडं बघत होते, तिनं सांगावं म्हणून, आणि ती माझ्या हातांकडं बघत होती. कितीतरी वेळ असं चाललं. बाकीचं पोट बांधून होत आलं होतं आणि घशाशिवाय पुढं जाता येत नव्हतं.

नंदा शेजारी बसून बघत होती. घसा उसवला होता तो तिनं. ती म्हणाली, “एक मिनिट देतेस?” आणि माझ्या हातातल्या काड्या काढून घेतल्या. तिनं त्या उभ्या धरल्या नाहीत, पंख्यासारख्या आडव्या पसरल्या, दोरी खालून आणली, आणि मग सगळ्या एकदम वळवल्या. चुकली. सोडवून परत वळवल्या. बसला. आते वाकून त्यात खांद्यापर्यंत शिरली आणि बाहेर आली. टोकं लागली. ती नंदाकडं बघून हसली. गोड हसू नव्हतं ते, बाजारात बरोबर माप मिळालं की माणूस हसतो तसं होतं. नंतर दिवसभर तिनं नंदाला ‘बाय’ म्हणून हाका मारल्या.

वेळेत झाला. थोडा वाकडा झाला, शेपूट एका बाजूला गेलं, पण वर टांगल्यावर कुणाला कळलं नसतं. संध्याकाळी माणसं घशातून वाकून आत जात होती आणि बाहेर येताना आई गं, आई गं करत होती. मग पाहुण्यांचं भाषण झालं. परंपरा, माती, हात असे शब्द होते. शेवटी ते म्हणाले की या विद्येची पुढची पिढी आज इथं आपल्यात आहे, आणि ताईंना विचारून त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं. मला पुढं बोलावलं. नारळ आणि गुलाबाचं फूल दिलं. माझ्या तळहाताला चिंधी बांधलेली होती. ती बघून ते माईकवर म्हणाले की हे कष्टाचे हात आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वात जोरात नंदानं. तिच्या मनात खोट नव्हती, ती खरंच आनंदात होती. आते शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, तिला झोप येत होती.

नंदानं बारावीनंतर कलेचं शिक्षण घेतलं. पुढं ताईंबरोबर आणि मग एकटीनं ती असली मोठी कामं करू लागली. त्यांच्या प्रदर्शनांत आता लोकांना सापळे उसवायला देतात; त्यावर छापूनही आलं आहे. हातखंब्याला हॉटेलाच्या मागं तिची शेड आहे. आमच्या वाडीतली पोरं सुट्टीत तिच्याकडं शिकायला जातात. पोरांना उसवायला जुना, भिजलेला सापळा हवा म्हणून ती नवे करून एक पावसाळा ओढ्यात ठेवते. माझ्या भावाच्या मुलाला घसा येतो. त्याला तो नंदानं दिला. चांगली गोष्ट आहे, हे मी मनापासून म्हणते. हातानं चाललेलं काम कुणाच्या का हातानं, चाललं पाहिजे. दवाखान्यात आम्ही हेच करतो. पण तो मला अभिमानानं दाखवायला आणतो तेव्हा मी घाईत असते.

प्रदर्शनाच्या त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेले. आई-बाबा भट्टीवरून आले नव्हते. आते दारात बसून विणत होती, भोवती चिव्याच्या काड्या, फाकी, कुसं पसरलेली. मी मनात बरंच काही जुळवून आले होते. या वेळी एखादा जुना सापळा दे म्हणणार होते. आढ्याकडं बघितलं, काही टांगलेलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि नेहमीसारखी तिच्याजवळ टेकायला गेले, तर ती हातातलं काम ठेवून उठली. खराटा घेतला आणि माझ्यापुढची सगळी कुसं झाडून बाजूला केली. मग आतून गोणपाट आणून अंथरलं.

“यावर बस. पायाला लागंल.”

आमच्यात काम चालू असताना कुसं कुणी झाडत नाही. घरची माणसं त्यातच बसतात, त्यातच जेवतात, लेकरं त्यातच लोळतात. झाडायचं ते ग्रामसेवक आले, डॉक्टर आले, नाहीतर वसुधाताई आल्या तर. आतेच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मला टोचून बोलायचंही तिच्या मनात नव्हतं. तिनं नंदाची चौकशी केली, ती बाय बरी आहे ना, परीक्षा कशी गेली तिची. मी सांगितलं, बरी आहे. पाय पोटाशी घेऊन मी गोणपाटावर बसले. ती चुलीकडं गेली, आणि तिथून तिनं विचारलं, चहा घेशील ना.